पुडी त्यांची, कचरा कुणाचा?

मैत्रिणींनो, वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. मोठी बाटली परवडत नाही, तेव्हा रुपया-दोन रुपयांची पुडी बरी पडते. त्यात आपलं काही चुकत नाही. पण रिकामी पुडी भंगारवालाही घेत नाही. वेगवेगळ्या प्लास्टिकचे, कधी धातूचेही पातळ थर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही. मग ती गटारात जाते, आणि पावसाळ्यात गटार तुंबलं की बोल मात्र बायकांनाच!

खरं तर २०१६ च्या नियमांनी असं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. २०२२ मध्ये उद्दिष्टंही ठरली: २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १००. कागदावर हिशेब जुळतही असेल. आमच्या गल्लीत मात्र पुड्या न्यायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. झाडं लावल्याचे फोटो छापून ही जबाबदारी फिटत नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. नगरपालिकेत जाऊन लेखी विचारा: आपल्या गावातल्या पुड्या कोणती कंपनी उचलते, आणि कधी?