गोदामातला नवा गडी आणि तासाचं टार्गेट

आर्णीच्या बाजार समितीत हमाली पोत्यामागे ठरते, पण काम टोळीचं. नवा गडी मागे पडला तर टोळी सांभाळून घेते. ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामात प्रत्येक खोकं स्कॅन होतं. मागे कोण पडलं, ते स्क्रीनच सांगते.

२०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसरला, अमेझॉनच्या गोदामात सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाण्याला किंवा लघवीला न जाण्याची शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातम्या आल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून टार्गेट लेखी द्यावं लागतं आणि त्यापायी शौचालयाला जाणं अडवता येत नाही.

आपला माथाडी कायदा १९६९ चा, म्हणजे स्कॅनरच्या कितीतरी आधीचा. तोवर नवख्याने निदान टार्गेट लेखी मागावं, तेही पहिल्याच दिवशी.