गाडा उठवा म्हणणाऱ्यांनो!

मंडळी, आमच्या देगलुरात गल्लीच्या तोंडाशी नाश्त्याचा एक गाडा लागतो. महिन्याभरापासून मी तिथलं रोजचं गिऱ्हाईक आहे. वीस रुपयांत ताटलीभर सुशीला. (पुण्यामुंबईकरांसाठी: मुरमुरे भिजवून पिळायचे नि कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे.) बाकावर हमाल, कंडक्टर नि मी. बोलणं मराठी, तेलुगू, उर्दू, सगळं एकदमच. तेलंगणाच्या सीमेवरचं गाव ना आमचं! सुटे नसले तर "उद्या द्या, गुरुजी."

आमचे एक नातलग म्हणाले, "असले गाडे उठवलेच पाहिजेत. अतिक्रमण आहे ते."

का हो? तुमची मोटार दिवसभर रस्त्यावर उभी असते, ते काय असतं? २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. सर्वेक्षण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच लागतात. स्वच्छता हवी? मलाही हवी. मग तिथे नळ द्या, कचराकुंडी द्या.

सरकारने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर काढली, ती केंद्रं पुढे बंद पडली. २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तीही अनुदानावर. हा गाडा मात्र कुणाचंही अनुदान न घेता भल्या पहाटे पेटतो. हमालाचं पोट भरतो, म्हाताऱ्याला बोलायला माणसं देतो. त्याला हुसकावून रस्ता रुंद होईल, गाव मात्र अरुंद होईल.