तिसरा शब्द

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्मस्वातंत्र्यासाठी तीन शब्द वापरले आहेत. धर्म प्रकट करणे, धर्म आचरणे आणि धर्माचा प्रसार करणे. पहिल्या दोन शब्दांना सहसा कोणाची हरकत नसते. तिसरा शब्द आला की कपाळाला आठी पडते.

ही आठी आजची नाही. १९४८ च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत या शब्दावर कडाक्याची चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांना तो शब्दच नको होता. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी मात्र आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो, पण आपल्याला बाटवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, असा स्वानुभव सांगितला. कन्हैयालाल मुनशींनीही या शब्दाची बाजू घेतली, आणि तो राहिला. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा आखून दिली. आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा नाही.

कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. व्यवहारात ती कुठे पडते, हा आजचा प्रश्न आहे.

ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरविरोधी कायदे केले. आज असे कायदे करणाऱ्या राज्यांची संख्या दहाच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ च्या फेब्रुवारीत या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे तसे लिहून द्यावे लागते. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली आणि तक्रार करण्याची मुभा कोणालाही दिली.

मी नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती. आमच्या घरी उपासनेला टाळ वाजतो आणि नाताळला करंज्या होतात. माझी हयात बँकेत गेली, म्हणून या प्रश्नाकडे मी थोडा बँकवाल्याच्या नजरेने पाहतो. १८७२ चा करार कायदा सांगतो, की संमती मुक्त हवी. जबरदस्ती, अवाजवी दडपण, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त नव्हे. अंगठा उठवणाऱ्या कर्जदाराला कागद त्याच्या भाषेत समजावून सांगितला, अशी नोंद आम्ही करून घेत असू. कर्जाला जी कसोटी, ती धर्माला नको असे मी कसे म्हणेन? पोत्याभर धान्याच्या बदल्यात घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. त्याला आमच्या श्रद्धेतही स्थान नाही.

पण उत्तर प्रदेशाच्या कायद्यातली ‘प्रलोभना’ची व्याख्या वाचली की बँकवाला अडखळतो. रोख रक्कम, भेटवस्तू, नोकरी हे समजते. त्यापुढे धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षण येते, चांगले जीवनमान येते, दैवी कोपसुद्धा येतो.

एकदा डब्याच्या वेळी एका सहकाऱ्याने मला विचारले होते. आडनावावरून मी ख्रिस्ती आहे हे कळत नाही, त्याला ते नुकतेच कळले होते. “साहेब, राग मानू नका, पण तुमच्या आजोबांना नक्की काय मिळालं होतं हो?”

मी म्हणालो, “दोन गोष्टी मिळाल्या. अक्षरओळख मिळाली, आणि देवाच्या दारात बाहेर उभं न राहता आत सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसायला मिळालं.”

तो गप्प झाला. मग आपल्या डब्यातली भाजी त्याने माझ्याकडे सरकवली.

ती अक्षरओळख प्रलोभन होती काय? ती सतरंजी चांगले जीवनमान होती काय? ज्या महाराष्ट्राने १९३५ साली येवल्याला डॉ. आंबेडकरांची घोषणा ऐकली आणि १९५६ साली नागपूरची धम्मदीक्षा पाहिली, त्याला हे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. माणूस माणुसकीच्या ओढीने धर्म बदलतो, तेव्हा तो विकला जात नाही.

आणि जमाखर्च मांडायचाच, तर दलित माणसाला ख्रिस्ती होणे तोट्याचेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. १९५१ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती लोक २.३ टक्के होते. २०११ च्या जनगणनेतही ते २.३ टक्केच होते.

तरीही संशय आहे, आणि संशयाचा परिणाम खटल्यांच्या आकड्यांत दिसत नाही. तो गप्प बसण्यात दिसतो. पोस्टातला कारकून, शाळेतल्या बाई, इस्पितळातली परिचारिका सहज बोलतानाही आपल्या श्रद्धेचा विषय टाळतात. “उगाच कशाला?” हे दोन शब्द मी किती घरांतून ऐकले! या लोकांकडून घोषणांचे धैर्य कोणी मागत नाही. विचारले तर सरळ सांगावे, एवढेच धैर्य हवे आहे, आणि आज तेच महाग झाले आहे.

मराठी मुलखाला हे धैर्य अपरिचित नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. त्यांची काळजी खोटी नव्हती. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील असा भरवसा पालकांना दिलेला होता. रमाबाईंचे म्हणणेही खोटे नव्हते. स्वतःची प्रार्थना त्यांनी दार लावून का करावी?

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळे आणि स्वयंपाक आपला वेगळा ठेवला. टिळकांनी ते चालू दिले. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि मगच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सारे ठाऊक आहे. जगाला अभंगांतून ख्रिस्त सांगणारा माणूस घरातल्या घरात नकार ऐकून घेत होता. श्रद्धा सांगण्याचे धैर्य ते हेच. आपले अंतःकरण उघडे करायचे आणि समोरच्याचा ‘नाही’ सुखाने सोसायचा.

म्हणून माझ्या समाजालाही दोन शब्द सांगायला हवेत. दुसऱ्याच्या देवाला नावे ठेवणे हे धैर्य नव्हे. मांडव घालून आजार बरे करण्याच्या जाहिराती करणे, हेही नव्हे. अडलेल्या माणसाच्या हातात औषधाबरोबर धर्म ठेवला, तर त्याला नकार द्यायची जागाच उरत नाही. आधी औषध द्यावे. धर्माचे त्याने विचारले तर सांगावे.

२३ जानेवारी १९९९ च्या पहाटेआधी ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदाला कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. ख्रिस्त म्हणजे काय, हे त्या दिवसांत साऱ्या देशाला कळले, आणि त्यासाठी कोणाला प्रवचन द्यावे लागले नाही.

हे धैर्य ऐकणाऱ्याकडेही लागते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’चे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला. तरी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, मराठी वाचकांनी त्यांना ऐकले. २०२४ साली ते गेले. त्यांना ऐकून कोणाचा धर्म बुडाला नाही.

फसवणुकीला शिक्षा करायला आपले कायदे आजही समर्थ आहेत. नवा कायदा करणाऱ्यांनी एवढे पाहावे, की दोन प्रौढ माणसांत देवाविषयी होणारे बोलणे गुन्ह्याच्या नोंदवहीत जाऊ नये. बाकीचे काम सरकारचे नाही, शेजाऱ्यांचे आहे. येत्या नाताळला करंज्यांचे ताट आले, तर हा सण तुमच्या मनाला काय देतो, असे एकदा विचारा. आम्हीही आढेवेढे न घेता सांगू. पटले नाही तर तसे म्हणा, आणि दिवाळीचे ताट पाठवायला विसरू नका.