खताचे हप्ते

आमच्या रेडी गांवांत मृग लागण्याच्या सुमारास घरोघरीं एकच दृश्य दिसतें. युरियाचें पोतें पडवींत येऊन पडतें. पहिली सर कोसळतांच गडी घमेलें भरून तें माडांच्या व कलमांच्या बुंध्याशीं ओततो, आणि उरलेली मूठ अंगणांतील कुंड्यांत टाकतो. वर्षाचें कर्तव्य एका सकाळींत उरकतें. ही रीत खर्चाची व नुकसानीची आहे, असें माझें मत झालें आहे.

माझी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तेथें एक गोष्ट मनावर ठसली. सारा हप्त्यांनीं घ्यावयाचा, आणि हप्ता पीक हातीं आल्यावर मागावयाचा. रयतेची मूठ रिकामी असतां मागणें जसें व्यर्थ, तसेंच झाडाची घेण्याची शक्ति नसतां त्यापुढें सगळें खत एकदम वाढणेंही व्यर्थ होय.

आपल्या किनाऱ्यावर वर्षास सुमारें १२० इंच पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें व तें पाण्याबरोबर सहज वाहतें. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनींत तें मुळांखालीं उतरून विहिरींत किंवा यशवंतगडाखालच्या खाडींत जातें. पैसा आपला, खत मात्र खाडीस! स्फुरदाची गोष्ट उलट आहे. ज्या लोहामुळें रेडीस खाणी झाल्या, तेंच लोह तांबड्या मातींत स्फुरदास धरून ठेवतें. यास्तव सुपर फॉस्फेट शेणखतांत मिसळून द्यावें. तें एकदांच दिलें तरी चालतें.

दापोलीचें कोकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. पांच वर्षांवरील माडास ५० किलो शेणखत, १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व १ किलो पालाश द्यावें, आणि नत्र व पालाश जून, ऑक्टोबर व फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत विभागावें, अशी त्याची शिफारस आहे. एक किलो नत्र म्हणजे सुमारें सव्वादोन किलो युरिया. अर्थात् दर हप्त्यास पाऊण किलो. पहिल्या वर्षाच्या रोपास याचा पंचमांश पुरे. जूनचा हप्ता उघडीप पाहून, बुंध्यापासून चार-पांच फुटांवर आळ्यांत घालून मातीआड करावा. फेब्रुवारीचा हप्ता शिंपण्याची सोय असेल तरच द्यावा.

कुंडीच्या बाबतींत तर अधिकच जपावें. तीन वर्षांपूर्वीं काजूचें एक कलम मी कुंडींत वाढविलें होतें. तें सुकलेलें दिसलें म्हणून प्रेमानें मूठभर युरिया घातला. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या व कलम गेलें. मीठ लावलेल्या कैरीस जसें पाणी सुटतें, तसें फाजील खतानें मुळांतील पाणी ओढून घेतलें. दोष सर्वस्वीं माझा. आतां मी लिटरभर पाण्यांत एक-दोन ग्रॅम मिश्रखत विरघळवून महिन्यांतून एकदां, आणि तेंही नवी पालवी फुटत असतांनाच देतों. माती कोरडी असल्यास आदल्या दिवशीं साधें पाणी घालतों. कुंडीच्या कांठावर पांढरा थर दिसला, तर खत बंद.

कोणी म्हणतील, तीन हप्ते म्हणजे तीन वेळां मजुरी. आक्षेप खरा आहे. परंतु वाहून गेलेल्या खताची किंमतही त्याच वहींत मांडली पाहिजे. दुसरे म्हणतील, आमच्या वाडवडिलांनीं असले हिशेब केले नाहींत. त्यांना मी न्हाणीजवळचा माड दाखवीन. त्यास पोतें कोणीं घातलें नाहीं. तरी वाडींत सर्वांत अधिक नारळ तोच देतो. रोजचें पाणी, चुलीची राख, घरचा केरकचरा त्यास थोडथोडा मिळतो. वाडवडिलांनीं हप्ते बांधलेच होते. फक्त ते कागदावर नव्हते.

युरिया अनुदानामुळें स्वस्त आहे, म्हणून तोच घालावा, हा विचारही घातक आहे. झाडास उणें काय आहे हें मातीच्या परीक्षेवांचून कळत नाहीं. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून सुरू आहे; परंतु ती पत्रिका बहुतेक घरीं वाशाला खोंचलेली असते. संघाच्या सभासदांनीं यंदा मृगापूर्वीं ती काढून वाचावी, आणि पोतें फोडण्याआधीं त्याचे तीन वांटे करावे, एवढीच विनंति.

— एक निवृत्त महसूल कारकून, रेडी