बारावी कोणाची?

"यंदा आमची बारावी आहे," हे वाक्य दिवाळीची सुट्टी संपली की या शहरातील घराघरांतून ऐकू येऊ लागते. आणि ते उच्चारणारी व्यक्ती सतरा वर्षांचा विद्यार्थी नसून बहुधा त्याची आई किंवा वडील असतात, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या लक्षात आलीच असेल. लग्नाचे आमंत्रण नाकारताना, आजोळी जाणे टाळताना, शेजारच्या घरातील गाण्याचा आवाज कमी करावयास सांगताना, हेच वाक्य पुढे केले जाते. मुलाच्या परीक्षेसाठी आईने महिना-दोन महिन्यांची रजा काढणे, वडिलांनी फिरतीची कामे सहकाऱ्याच्या गळ्यात टाकणे, आजी-आजोबांनी आपल्याच घरात कुजबुजत बोलणे, या गोष्टींना आता कोणी अपवाद मानीत नाही. या सर्वांमागील माया खरी आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु ही बारावी नेमकी कोणाची, हा प्रश्न पहिल्या पानावर विचारावा असे आम्हांस वाटते, कारण त्याचे उत्तर चुकल्याची किंमत घरातील सर्वांत लहान माणसाला मोजावी लागते.

विज्ञान शाखेच्या मुलापुढे आता काय वाढून ठेवलेले आहे ते पाहा. महाविद्यालयाची पूर्वपरीक्षा, जानेवारीत जेईईची पहिली खेप, मग प्रात्यक्षिके, फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची लेखी परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईची दुसरी खेप, त्यानंतर राज्याची सीईटी आणि वैद्यकीयकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी नीट. पूर्वीची परीक्षा पंधरवड्यात आटोपत असे. हा पाच-सहा महिन्यांचा वनवास आहे. बरे, प्रत्येकीचा हिशेब वेगळा. राज्यातील अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीवर ठरतो आणि तिथे बारावीचे गुण किमान पात्रतेपुरतेच लागतात. तर राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी, ज्यांना आपण एनआयटी म्हणतो, जेईईत उत्तम यश मिळूनही खुल्या गटातील मुलाला बारावीत ७५ टक्के तरी हवेत, किंवा आपल्या मंडळातील वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये तो असावयास हवा. क्लासच्या नादात महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेली मुले या उंबरठ्यावर अडखळतात, तेव्हा कोठे आई-वडिलांना तो उंबरठा दिसतो.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांतील कित्येक मुले वारावर जेवून, माधुकरी मागून, दुसऱ्याच्या ओसरीवर दिव्याच्या उजेडात अभ्यास करून परीक्षेला बसली. त्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याची फॅशन आहे. आम्ही ते गाणार नाही, कारण त्यात किती मुले वाटेत गळाली याची गणती कोणी ठेवली नाही. परंतु एक गोष्ट त्या काळी आपोआप घडत असे. गावी असलेल्या बापाला इंग्रजी येत नसे, भूमिती ठाऊक नसे; त्यामुळे तो चिंता करी, पैसे पाठवी, देवाला नवस बोले, पण मुलाच्या पुस्तकात डोके घालू शकत नसे. परीक्षा मुलाचीच राही. आजचा पालक शिकलेला आहे. त्याला पुस्तक वाचता येते, गुणांचा तक्ता मांडता येतो, मागच्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ करता येतात. या शिक्षणाचा उपयोग मात्र तो बहुधा भलत्याच ठिकाणी करतो.

आमचे म्हणणे असे आहे की या वर्षात करावयाची कामे दोन प्रकारची आहेत. अभ्यास करणे आणि पुढे काय शिकावयाचे ते ठरविणे हे एक काम. दाखले, अर्ज, तारखा, पैसे आणि घरातील शांतता यांची व्यवस्था हे दुसरे. पहिले मुलाचे, दुसरे आई-वडिलांचे. वास्तविक यात न समजण्यासारखे काही नाही. तथापि आम्ही जी घरे पाहतो त्यांत ही वाटणी बहुधा उलटी झालेली असते. मुलाने कोणत्या शाखेकडे जावे हे चार वर्षांपूर्वीच ठरविणारे वडील त्याचे जातवैधता प्रमाणपत्र जून उजाडेपर्यंत हातात घेत नाहीत. आणि मग निकालानंतरच्या ऐन धामधुमीत तोच मुलगा फाइल काखोटीला मारून सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

दाखल्यांचा विषय रुक्ष आहे, पण तो टाळून चालणार नाही. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यावयाचा तर जातीचा दाखला पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत करावयाचा असतो. वंशावळ, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली कागद हे सारे गोळा करण्यास महिने लागतात, आणि ते काम सतरा वर्षांच्या मुलाचे नव्हे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. अकरावीत हौसेने काढून ठेवलेले प्रमाणपत्र बारावीनंतर चालेलच असे नाही, म्हणून त्यावरील तारीख आजच पाहावी. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांचेही तसेच. विशेषतः मुलींच्या पालकांनी ध्यानात ठेवावे की आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ च्या जुलैमध्ये घेतला. ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. "मुलीला एवढे कशाला शिकवायचे, खर्च झेपणार नाही," असे म्हणून तिला जवळच्या महाविद्यालयात ढकलणाऱ्या घरात हा निर्णय निदान वाचला तरी गेला आहे काय?

आता पसंतीक्रमाकडे वळू. मुलाच्या आयुष्यातील चार वर्षे ज्या कागदावर ठरतात तो कागद हा. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात महाविद्यालये व शाखा यांचा क्रम विद्यार्थ्याने स्वतः लावावयाचा असतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि पुढील फेऱ्यांचे दार लागते. यावरून पहिल्या ओळीत काय लिहावे याला किती महत्त्व आहे ते दिसेल. प्रत्यक्षात ती ओळ कोण लिहितो? भाड्याने आणलेला सल्लागार, नाही तर वडिलांच्या कार्यालयातील ज्यांचा मुलगा गेल्या वर्षी 'लागला' ते गृहस्थ. आम्ही एवढेच सुचवितो की पहिल्या दहा ओळी मुलाने एकट्याने, हाताने, कागदावर लिहाव्यात, आई-वडिलांनी त्या वाचून प्रत्येक ओळीला "का?" एवढाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावे. उत्तर कच्चे असेल. कधी "मित्र तिथे जातो आहे" असेही असेल. ते कच्चे उत्तर घरात बोलले गेले म्हणजे पुढची चर्चा होऊ शकते. न बोलले गेले तर ती चर्चा दोन वर्षांनी, विषय राहिल्यावर, रडत होते.

याबाबतीत आम्ही स्वतः निर्दोष नाही. वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. दहावीचा निकाल लागल्यावर एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. याला कोणत्या शाखेला घालावे, असे त्यांनी विचारले. मुलगा त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. त्याला काय आवडते म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहिले, तेव्हा उत्तर वडिलांनी दिले. पुन्हा विचारले, पुन्हा त्यांनीच दिले. तिसऱ्यांदा आम्ही विचारले नाही. गणितात गुण चांगले होते, आम्ही "सायन्स" म्हणून मोकळे झालो आणि पेढा खाल्ला. पाच वर्षांनी तोच मुलगा रस्त्यात भेटला. अभियांत्रिकीची दोन वर्षे काढून, विषय मागे ठेवून तो ती सोडून आला होता आणि इतिहास घेऊन पहिल्या वर्षाला बसला होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "सर, त्या दिवशी तुम्ही अजून एकदा विचारलं असतं तर मी बोललो असतो," एवढेच तो म्हणाला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. इतिहासाकडे जाणाऱ्या मुलाबद्दल आम्हांस पक्षपात असणारच, तो वाचकांनी वजा करून घ्यावा. परंतु खुर्चीमागे उभी असलेली मुले आम्हांस अजूनही जिथे तिथे दिसतात.

घरातील बोलण्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ही साधी गोष्ट पुष्कळ घरांत समजून घेतलेली नसते. समजा एका गटातून तीन लाख मुले बसली, तर नव्वद पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे तीस हजार मुले असतात आणि मागे दोन लाख सत्तर हजार. हा आकडा पाहून "नव्वद मिळाले, मग नावाजलेले कॉलेज का नाही?" म्हणून त्याला फैलावर घेणे जितके चुकीचे, तितकेच "तुझ्याहून तीस हजार हुशार आहेत" असे ऐकविणेही. सराव परीक्षेचा प्रत्येक आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची जी नवी रीत पडली आहे ती तर आम्हांस सरळ क्रूरपणाची वाटते. दुसऱ्याची प्रगतिपुस्तके चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांनाही कधी नव्हता.

हे आम्ही इतक्या तीव्रतेने का लिहितो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. या प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असे कोणी म्हणू नये. अशा घटनेला एकच कारण क्वचितच असते. तरीही हा आकडा वाचून स्वस्थ बसणे कोणत्याही पालकाला शक्य नाही. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि क्लास या सर्वांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत आहे. न्यायालयाचा हुकूम मात्र घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. मूल रात्र रात्र झोपत नसेल, जेवणावरून उठत असेल, मित्रांचे फोन घेईनासे झाले असेल, आपण सर्वांना भार झालो आहोत असे बोलू लागले असेल, तर ते 'बारावीचे टेन्शन' म्हणून सोडून देऊ नये. त्याला सरळ विचारावे; विचारल्याने मनात नसलेले विचार येतात ही समजूत खोटी आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीत बोलता येते, आणि तो आई-वडिलांनीही फिरवावा.

पालकांना एवढे ऐकविल्यावर शासनाकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. २०२४ साली बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली. पुष्कळ घरांना ती मुदत उलटून गेल्यावर कळली; परीक्षार्थींपेक्षा जागाच अधिक निघाल्या आणि त्याच वर्षी पुन्हा एक परीक्षा घेण्याची पाळी आली. नियम बदलावयाचे तर ते मूल अकरावीत असतानाच जाहीर व्हावेत. बारावीच्या मध्यावर नव्हेत. माहितीपुस्तिका सुबोध मराठीत निघावी. आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे रिकामे वर्ग ही गोष्ट शिक्षण खात्याला ठाऊक नाही असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. ज्या मुलाने दोन वर्षांत आपल्या वर्गशिक्षकाचे नावही ऐकले नाही, त्याने अडचणीच्या वेळी घराबाहेर कोणाकडे जावे?

शेवटी निकालाच्या दिवसाविषयी. २०२५ साली राज्यात १४ लाखांहून अधिक विद्यार्थी बारावीला बसले आणि ९१.८८ टक्के उत्तीर्ण झाले; म्हणजेच त्या दुपारी लाखाहून अधिक घरांत अनुत्तीर्ण मूल होते. पुढल्या निकालाच्या दिवशी आपल्या घरात काय होणार हे आज कोणालाच ठाऊक नाही. म्हणून काही गोष्टी आई-वडिलांनी आधीच, मुलाच्या देखत बोलून ठेवाव्यात. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते आणि तिचे अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावयाचे असतात. गुण कमी वाटल्यास श्रेणीसुधाराची संधी आहे. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. त्या दिवशी निकाल प्रथम मुलाने स्वतः पाहावा, आणि दुपारी सर्वांनी एकत्र जेवावे. नातेवाइकांचे फोन संध्याकाळपर्यंत वडिलांनी घ्यावेत.