शून्याची जागा

घरांतील कर्ता मुलगा रात्रीं अकरा वाजतां काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी लिहीत बसतो आणि विचारलें असतां "काम आहे" एवढेंच सांगतो, ही तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. हें काम तरी कसलें, याची आम्हांसही परवांपर्यंत फारशी कल्पना नव्हती. गेल्या महिन्यांत आमच्या घरींच एक प्रसंग घडला. त्या निमित्तानें आमच्या पुतण्यानें आम्हांस जें समजावून दिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

मोठें गणित एका संगणकास झेपत नाहीं, तेव्हां पुष्कळ साधे संगणक तारांनीं जोडून त्यांचा एक समूह करितात. अमेरिकेंत नासाच्या गॉडर्ड केंद्रांत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं १९९४ सालीं बाजारांत मिळणाऱ्या सामान्य भागांतून असा सोळा प्रोसेसरांचा समूह उभारला व त्यास 'बेओवुल्फ' हें नांव दिलें. आज अशा समूहांत शेंकडों यंत्रें असतात. त्यांस पडदा नाहीं, कळफलक नाहीं. थंड केलेल्या दालनांत तीं मांडणीवर एकाखालीं एक बसविलेलीं असतात. त्यांस आज्ञा द्यावयाची ती दूर बसूनच.

आज्ञा ऐकून घेणाऱ्या भागास 'शेल' म्हणतात. यंत्राचा कारभार पाहणारा आंतील गाभा तो 'कर्नल', म्हणजे गर. आणि त्याभोवतींचें कवच तें शेल. कोंकणांतील वाचकांस अधिक सांगावयास नको: खोबऱ्यापर्यंत जावयाचें तर गांठ करवंटीशींच पडते.

पूर्वीं दूरच्या यंत्राशीं बोलतांना संकेतशब्द तारेवरून उघडाच जात असे. वाटेंत कोणी कान देऊन बसला तर तो त्याच्या हातीं लागे. फिनलंडांत हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांत असाच प्रकार घडला, तेव्हां तेथील तातू युलोनेन यांनीं १९९५ सालीं 'एसएसएच' रचलें. यांत सारें संभाषण गूढलिपींत चालतें. ओळख पटविण्यास किल्ल्यांची जोडी असते. एक आपल्यापाशीं गुप्त ठेवावयाची, दुसरी ज्या ज्या यंत्रावर जावयाचें तेथें ठेवून द्यावयाची. दुसरी कोणी पाहिली तरी बिघडत नाहीं.

परंतु चाळीस यंत्रांस एकच आज्ञा द्यावयाची तर ती चाळीस वेळां कोण लिहीत बसणार? यासाठीं अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत 'पीडीएसएच' नांवाचें साधन झालें. फ्रान्सच्या अणुशक्तिसंस्थेंतून 'क्लश' आलें. आज्ञा एकदां लिहावी, तिच्यामागें यंत्रांची यादी द्यावी. यादीही लांबलचक नको. चौकटी कंसांत '०१-०४' एवढें लिहिलें कीं चार यंत्रें झालीं. पीडीएसएच एका वेळीं बत्तीस यंत्रांशीं बोलतें आणि एकाचें आटोपलें कीं पुढच्याकडे वळतें.

उत्तरें येतात तीं मात्र वर्गांतल्या हजेरीप्रमाणें क्रम सोडून. जो आधीं ओरडला तो आधीं. म्हणून प्रत्येक ओळीच्या आरंभीं यंत्राचें नांव लागतें, आणि सारखीं उत्तरें एकत्र बांधणारें एक निराळें साधन असतें. एकोणचाळीस यंत्रांनीं एकच उत्तर दिलें, तर तें एकदांच छापिलें जातें आणि चाळिसाव्याचें वेगळें दिसतें. पाहावयाचें असतें तें त्या चाळिसाव्याचेंच. शिवाय प्रत्येक आज्ञा संपतांना एक आंकडा मागें ठेविते: शून्य म्हणजे यश, बाकी कोणताही आंकडा म्हणजे अपयश. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळें शून्यास उत्तीर्ण म्हणण्याची ही रीत आमच्या गळीं उतरण्यास दोन दिवस लागले.

आतां तो प्रसंग. पुतण्याच्या कचेरींतील समूहांत चाळीस यंत्रें आहेत. कांहीं दुरुस्ती बसवून झाल्यावर त्यांतील पहिलीं चार बंद करून पुन्हां सुरू करावयाचीं होतीं. त्यानें '०१-०४' ऐवजीं '०१-४०' लिहिलें. शून्य चाराच्या पुढचें मागें गेलें, एवढेंच. यंत्रानें "खरेंच का?" म्हणून विचारलें नाहीं. दहा सेकंदांच्या आंत सारा समूह झोपला आणि त्यावर कोणाचें तरी चार दिवसांपासून चाललेलें गणित अर्ध्यावर तुटलें.

तो बाहेर आला तेव्हां त्याचा चेहरा पाहून वहिनींनीं न विचारतां चहा टाकला. तो म्हणाला, "काका, पांच मिनिटांत बहुतेक यंत्रें आपोआप उठतील. वीज गेली होती असें सकाळीं म्हटलें तर कोणास शंकाही येणार नाहीं."

"आणि तें गणित?"

तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीं विचारलें, "तुझी आज्ञा कोठें लिहून राहते का?"

"राहते. पण ती कोणी पाहत नाहीं."

"मग ती पाहिली जाणार नाहीं या भरंवशावर तूं किती दिवस जेवशील?"

हें आम्ही थोडें कठोर बोललों, असें आतां वाटतें. त्यानें चहा तसाच ठेविला आणि आंत जाऊन वरिष्ठांस फोन केला. ज्यांचें गणित तुटलें त्या बाईंसही त्यानें स्वतः लिहून कळविलें. वरिष्ठ रागावले, परंतु त्यांनीं आधीं विचारलें तें हेंच, कीं किती यंत्रें उठलीं.

असल्या चुका थोरांच्या घरींही झाल्या आहेत. अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतांत २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अॅमेझॉनच्या एका जाणकार नोकरानें थोडींच यंत्रें काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेंतील एक भाग चुकला आणि हवीं त्याहून पुष्कळ अधिक निघालीं. असंख्य संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं. कंपनीनें पुढें तें साधनच बदललें: यंत्रें हळूहळू काढावींत आणि ठराविक संख्येखालीं जाऊंच देऊं नये. केवळ माणसास बोल लावून त्यांनीं प्रकरण मिटविलें नाहीं, हें आम्हांस आवडलें.

दुसरा एक भेद पुतण्यानें सांगितला, तो संस्कृत शिकलेल्यांस रुचेल. 'अमुक ओळ जोड' ही आज्ञा दोनदां गेली तर ओळही दोनदां बसते. २०१२ सालीं निघालेल्या 'अँसिबल' या साधनांत 'अमुक ओळ तेथें असावी' असें लिहितात. ती असली तर यंत्र कांहींच करीत नाहीं, कितीही वेळां सांगा. लोट् आणि विधिलिङ् यांतला फरक मुलांस शिकवितांना आम्हांस असें उदाहरण मिळालें असतें तर बरें झालें असतें.

तेव्हांपासून पुतण्या खरी आज्ञा देण्यापूर्वीं तीच यादी देऊन यंत्रांस केवळ त्यांचें नांव विचारतो आणि आलेलीं नांवें बोटानें मोजतो. त्या रात्रीं अडतीस यंत्रें आपोआप उठलीं. दोन उठलीं नाहींत. त्यांच्यासाठीं पहांटे पांच वाजतां तो स्वतः स्कूटर काढून कचेरींत गेला आणि त्यांचीं बटणें दाबून आला.