शब्दाची पत

आपल्या देशातील बँकांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे एक पाटी लटकत आली आहे. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधींचे नाव. बँकेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला ती पाटी तोंडपाठ असते. मात्र गांधीजींच्या लेखनात या मजकुराचा आधार अभ्यासकांना सापडलेला नाही. त्याच धाटणीची वाक्ये १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या व्यापारी वर्तुळात छापून येत होती. विचार चांगला, लावणाऱ्याचा हेतूही चांगला. परंतु प्रामाणिकपणाचा उपदेश करणारी पाटीच उसन्या नावावर उभी! एवढ्याने काय बिघडले, असे कोणीही विचारील. चांगल्या कामासाठी थोडेसे खोटे चालते का, हा प्रश्न मात्र वाटतो तितका किरकोळ नाही. आज तो एका वेगळ्याच ठिकाणी उभा राहिला आहे.

सुटीच्या दिवशी कोणत्याही शहरातल्या एखाद्या प्रदर्शनात चक्कर मारावी. बचत गटांच्या चटण्या आणि लोणची, लाकडी घाण्याचे तेल, खपली गव्हाचे पीठ, काळसर गूळ, हातमागाची लुगडी, जुन्या साड्यांच्या गोधड्या. टेबलामागे उभी असलेली माणसे बहुधा मनापासून काम करणारी असतात. कोणी चांगली नोकरी सोडून शेतीत उतरलेला असतो, कोणी गावातल्या दहा बायकांच्या हाताला काम दिलेले असते. नफा हवा, पण माती, पाणी आणि माणूस यांचे भान ठेवून, अशी त्यांची भूमिका. या मंडळींविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या पाकिटांवरचा मजकूर वाचताना जीव थोडा कासावीस होतो.

खपली गव्हाच्या पिठावर कोणीतरी लिहितो, 'ग्लुटेन-फ्री'. खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते. ज्या मुलाला सिलिअॅक हा आजार आहे, त्याच्या आतड्यांना हे पीठ अपाय करते. विश्वासाने पाकीट घरी नेणाऱ्या आईला ते कसे कळावे? गुळाच्या ढेपेवर चिठ्ठी असते, 'मधुमेहींनाही चालेल'. गुळात बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. घाण्याच्या शेंगदाणा तेलावर 'कोलेस्टेरॉल नाही' असे ठळक छापतात. हे खरे आहे, पण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा असते. शेजारच्या दुकानातल्या तेलात ते आहे, असा समज मात्र या खऱ्या वाक्यातून पसरतो. आणि 'केमिकल-फ्री' या शब्दाबद्दल काय बोलावे? पाणी आणि मीठ हीसुद्धा रसायनेच. लिहिणाऱ्याला सांगायचे असते की आम्ही कीटकनाशक फवारले नाही, किंवा गुळाचा रंग उजळण्यासाठी हायड्रॉस पावडर घातली नाही. मग तेवढेच लिहावे की! ते वाक्य अधिक खरे आहे, आणि माझ्या मते अधिक खपाऊसुद्धा आहे.

भेसळ करणारा लबाड व्यापारी आणि ही माणसे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लबाडाला आपण खोटे बोलतो आहोत हे ठाऊक असते. सद्हेतूने धंदा करणाऱ्याला ते जाणवत नाही, आणि त्याच्यापुढचा मोह त्यामुळेच मोठा असतो. आपले काम चांगले आहे, आपला माल खपला तर शेतकऱ्याचे भले होणार आहे, मग चार शब्द चढवून लिहिले तर त्यात वाईट ते काय, असे मन सांगते. काम जितके उदात्त, तितकी शब्दांना सूट अधिक. मला हे गणितच उलटे वाटते. जो मूल्यांच्या नावाने माल विकतो, त्याचे गिऱ्हाईक मालाबरोबर त्याच्या शब्दाचीही किंमत मोजत असते. दोन रुपये जास्त द्यायला ते तयार होते, ते शब्दावर विसंबून. शब्द पोकळ निघाला तर ते दोन रुपये फसवणुकीचेच झाले.

मराठीत 'पत' हा फार सुंदर शब्द आहे. कर्ज मिळण्याची लायकी म्हणजे पत आणि समाजातली अब्रू म्हणजेही पतच. आपल्या पूर्वजांनी पतपेढी म्हटले तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र बांधले होते. शब्दांची कसरत करून पत कशी खर्च होते, हे बँक आणि वित्त व्यवसायात जितके पाहायला मिळते तितके क्वचितच कुठे मिळेल.

एक साधा हिशेब पाहा. एक लाख रुपयांचे कर्ज, मुदत तीन वर्षे, व्याज 'फक्त १० टक्के', पण सपाट दराने. वर्षाचे दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार. एक लाख तीस हजारांना छत्तीसने भागले की महिन्याचा हप्ता सुमारे ३,६११ रुपये. सारे सरळ दिसते. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत असते. शेवटच्या वर्षी कर्जदाराकडे लाखाचा लहानसा भाग उरलेला असतो आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चाललेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब मांडला तर हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. जाहिरातीतला एकही शब्द खोटा नाही, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात उमटलेले चित्र खोटे आहे. 'शून्य टक्के व्याज' या घोषणेचेही तेच. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना परिपत्रक काढून सांगावे लागले. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला समजेल अशा भाषेत सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक झाले. जे आधीच सरळ सांगता आले असते, ते सांगायला लावण्यासाठी नियम करावा लागला!

जाहिरातींबाबतचे कायदे तसे जुने आहेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा. जाहिरात व्यवसायाने स्वतःला शिस्त लावण्यासाठी परिषद स्थापन केली ती १९८५ मध्ये. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एक लाख मोलाची गोष्ट आहे: खुलासा त्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा, ज्यात दावा केला आहे. म्हणजे मराठीत मोठा दावा आणि कोपऱ्यात इंग्रजीत बारीक 'अटी लागू', हे चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या नावाने केलेल्या दाव्यांसाठीही सूचना आल्या. 'हरित', 'पर्यावरणपूरक' असे म्हणायचे तर पुरावा दाखवा. हे सर्व योग्यच आहे. पण दंड होणार नाही इतपत खरे बोलणे, याला कोणी मूल्य म्हणत नाही.

यावर व्यवहारी वाचक म्हणतील, 'अहो, बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असे आपले वाडवडीलच सांगून गेले आहेत.' मला ते मान्य आहे. गव्हाच्या मालकाने तोंड मिटून बसावे असे मी म्हणतच नाही. त्याने भरपूर बोलावे, पण गव्हाविषयी बोलावे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, अशी हकीकत सांगतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्र निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याला 'स्त्री' मासिकाची जोड मिळाली. एका कारखान्याच्या खबरपत्रातून मराठी घरांत वाचले जाणारे मासिक उभे राहिले. ग्राहकाला शहाणे करणे हाही विक्रीचा मार्ग असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या भाषेत मला आठवत नाही.

दुसरे उदाहरण घराघरातले आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा सुरुवातीपासूनचा बाणा. दूरदर्शनच्या काळातली त्यांची जाहिरात अनेकांना आठवत असेल. त्यात रामदास पाध्ये यांचा बाहुला ससा पापड खाऊन खूष होत असे. गरीब बायकांचे अश्रू नाहीत, उपकाराची भाषा नाही. हजारो बहिणींच्या मालकीची संस्था, पण विकायला ठेवला होता तो पापड. पापड कुरकुरीत असेल तर लोक पुन्हा घेतील, असा त्यामागे साधा विश्वास असावा.

आज नेमके याच्या उलट घडताना दिसते. वस्तू बाजूला राहते आणि पाकिटावर सुरकुतलेल्या हातांचे छायाचित्र येते. तुमच्या एका खरेदीने एका स्त्रीचे आयुष्य बदलेल, असे वचन खाली असते. त्या आजीबाईंना विचारले होते का? त्यांना दिवसाला किती मजुरी मिळते, ते कुठे लिहिले आहे? दयेपोटी माणूस एकदा खरेदी करतो. दर महिन्याला खरेदी करतो ती चवीपोटी आणि टिकाऊपणापोटी. शिवाय कष्ट करणारीला दयेचा विषय करून टाकणे, हे कोणत्या मूल्यात बसते?

मग लिहावे तरी कसे? खपलीच्याच पाकिटाचे पाहू. मी लिहिले असते ते असे: 'हा खपली गहू आहे. यात ग्लुटेन असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी घेऊ नये. पोळी नेहमीच्या गव्हासारखी पांढरी होत नाही. खीर आणि लापशी मात्र उत्तम होते. भाव जास्त आहे, कारण या गव्हाचे टरफल सहज निघत नाही, ते वेगळे कांडून काढावे लागते.' यात एकही विशेषण चढवलेले नाही. वस्तू काय आहे, काय नाही आणि महाग का आहे, हे तिन्ही सांगितले की जाहिरात पुरी झाली. काय नाही हे सांगायला मराठी माणसाने लाजण्याचे कारण नाही. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पुण्यातली पाटी आपण विनोदाने सांगतो खरे. पण गिऱ्हाईक चुकीच्या दुकानात जाऊ नये म्हणून चार शब्दांत केलेला तो चोख खुलासा आहे.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे रचून सांगणे हाच माझा उद्योग. कादंबरीकाराला त्याचा परवाना आहे, कारण 'कादंबरी' असे मुखपृष्ठावरच छापलेले असते आणि वाचक जाणूनबुजून त्या खेळात उतरतो. पिठाच्या पाकिटावर तसे काही छापलेले नसते. तिथे वाचणारा खेळायला आलेला नसतो. घरातल्या पाच माणसांच्या ताटात काय वाढायचे, ते तो ठरवत असतो.

आणखी एक गोष्ट. ही पत एकट्याची नसते. एका बचत गटाच्या हळदीवरचा दावा खोटा निघाला की गिऱ्हाईक त्या गटाचे नाव विसरते, पण 'हे सेंद्रियवाले सगळे असेच' हे वाक्य लक्षात ठेवते. मग नुकसान होते ते तीन गावे पलीकडे खरोखर मेहनत करणाऱ्या बाईचे. पतसंस्थेत एकाने बुडवले की जामीनदारांच्या गळ्याशी येते, तसेच हे आहे.

आपण खरेदी करणारेही यात जामीनदारच आहोत. चढवून बोलणाऱ्याकडे आपण गर्दी करतो, म्हणून बिचारा सरळ माणूसही चढवून बोलायला शिकतो. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात टेबलामागच्या मुलीला जरूर विचारावे, 'हा गूळ माझ्या मधुमेही वडिलांना चालेल का?' ती 'नाही काका, नका देऊ' म्हणाली, तर वडिलांसाठी नको, पण घरातल्या बाकीच्यांसाठी एक ढेप तिच्याकडूनच घ्यावी.